दारापर्यंतचा दम

"आता ऑक्सिजन लावताय, का हाणू ह्यो डोक्यात?"

दिनकरमामांच्या हातात सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना होता आणि डोकं माझं होतं. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात, भर सकाळी, राउंडच्या तोंडावर हा प्रकार चालला होता. मी तेव्हा पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर होते. सरकारी इस्पितळात पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणजे देवाला सोडलेला बैल नव्हे, घाण्याला जुंपलेला. खरं सांगते, तो पाना वर उचललेला बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नेमका बसला तर निदान ॲडमिट होऊन झोपायला तरी मिळेल.

"मामा, पाना द्या मॅडमास्नी," खाटेवरून आवाज आला.

"आरं, पर तुला धाप लागलीया!"

"लागू दे. ऑक्सिजन मला चालत न्हाई."

"चालत न्हाई? ऑक्सिजन म्हंजी वांगं हाय व्हय, न चालायला?"

अख्खा वॉर्ड हसला. खाटेवरचा भाचाही हसला आणि हसण्याची किंमत म्हणून बराच वेळ खोकत राहिला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा खोकलाही मीच लावला आहे. मग पाना ट्रॉलीवर आपटून ते बाहेर गेले. त्यांचा राग मला कळत होता. धाप लागलेला माणूस, हाताच्या अंतरावर भरलेला सिलिंडर, आणि मधे एक पोरसवदा डॉक्टरीण 'नाही' म्हणून उभी. मी मामा असते तर पाना खाली ठेवला असता की नाही, सांगता येत नाही.

भाच्याचं नाव धैर्यशील माळवदे. आठवड्यापूर्वी तो कॅज्युअल्टीत स्वतःच्या पायांनी चालत आला होता. अंगात मंडळाचा बनियन, गुडघ्याला पट्टा, पिंढऱ्यांना लाल माती. गावात त्यांच्या मंडळाचे कबड्डीचे सामने भरायचे होते. मैदानात हरळी माजली होती म्हणून पोरांनी तणनाशकाचा कॅन आणून याच्या घरी ठेवला. कॅन झिरपायला लागला, तसं घरात कुणीतरी ते औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली माठाशेजारी ठेवली. हा सराव करून आला, घसा कोरडा, बाटली तोंडाला लावली.

"का प्यालास? प्रेमभंग, का परीक्षा?" कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"तहान लागली हुती ओ," तो म्हणाला. "एकच घोट घेतला. त्यातला निम्मा थुकला."

त्याला वाटत होतं, थुंकला म्हणजे सुटला.

माझे सिनियर होते डॉक्टर होनराव. तिसऱ्या वर्षाचे. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं इतकी काळी होती, की पेशंटचे नातेवाईक आधी त्यांनाच "काय होतंय?" म्हणून विचारत. त्यांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"हे औषध आधी तोंड सोलतं. मग किडनी धरतं. मग जरा उसंत देतं, पेशंटला वाटतं आपण वाचलो. आणि मग फुप्फुसांना हात घालतं. उतारा नाही."

"वाचत नाही कुणी?"

"वाचतात की. ज्यांनी नुसता वास घेतलेला असतो ते." मग ते गंभीर झाले. "एक लक्षात ठेव. याला ऑक्सिजन लावायचा नाही. ऑक्सिजन म्हणजे या विषाला खुराक. जितका देशील तितकी फुप्फुसं लवकर करपतील. अगदीच टेकीला आला तर लावायचा. आणि लावला की समज, आपण हात टेकले."

आम्ही रेसिडेंट लोक मरणावर विनोद करायचो. न करून सांगता कुणाला? कुणी गेला की "वरच्या सरांच्या युनिटला ट्रान्सफर झाला" म्हणायचं. कोणता पेशंट राउंडपर्यंत टिकेल यावर चहाची पैज लागायची, आणि हरलेला माणूस चहा पाजताना पेशंटलाच शिव्या घालायचा. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर आमच्या तोंडावर थुंकलं असतं. धैर्यशीलवर मात्र पैज लागली नाही. माझ्या बरोबरीच्या मुबीननं एकदा विषय काढून पाहिला, तर होनराव म्हणाले, "ज्या मॅचचा निकाल ठाऊक आहे, तिच्यावर कोण पैसे लावतं?" आणि उठून गेले.

आमच्या युनिटची एक रीत होती. असा पेशंट आला की घरच्यांना व्हरांड्यात बोलावून सगळं सांगायचं, पेशंटला काही सांगायचं नाही. त्याप्रमाणे होनरावांनी धैर्यशीलच्या आईला आणि मामाला सांगितलं. आई, छबूताई, डोक्यावरचा पदर दातांत धरून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी वॉर्डाच्या दारातून आत पाहिलं. धैर्यशील खाटेवर मांडी घालून शेजारच्या अण्णांना चढाई कशी करायची ते हातवारे करून दाखवत होता.

"त्यो?" छबूताई म्हणाल्या. "त्यो मरनार? तुमचं कायतरी चुकतंय, डाक्टर."

चूक काढायला त्यांना कारण सापडलंच. डॉक्टर लोक ऑक्सिजन लावत नाहीत. इस्पितळातली सगळी साधी माणसं एका गोष्टीवर विश्वास ठेवतात, की ऑक्सिजन लावला म्हणजे डॉक्टरांनी मनावर घेतलं. त्या दिवसापासून छबूताई प्रत्येक पांढऱ्या कोटाला हात जोडू लागल्या. युनिटच्या मोठ्या सरांना, होनरावांना, मला, एकदा तर चुकून औषधं विकायला आलेल्या कंपनीच्या माणसाला. "तेवढा ऑक्सिजन लावा की."

इकडे मला रोज त्याची फुप्फुसं कशी आहेत ते बघायचं होतं. वॉर्डात आणायचं एक्स-रेचं मशीन बंद होतं. ते मी रुजू झाले तेव्हाही बंदच होतं. अशा वेळी आम्ही जुनी युक्ती वापरायचो, पेशंटला एका दमात आकडे म्हणायला लावायचो. जितके आकडे, तितकी फुप्फुसांत जागा.

"आकडं कशाला?" धैर्यशील म्हणाला. "कबड्डी म्हणतो की. तेवढंच प्रॅक्टिस."

"बरं, कबड्डी म्हण."

"तसं न्हाई. तुम्ही पंच. हितनं दारापर्यंत चालत जायचं. तुम्ही दाराला पोचेपर्यंत माझा दम टिकला पायजे. आनि मॅडम, आवाज पंचाच्या कानावर आला पायजे. नुसतं व्हट हलवायचं न्हाई. व्हट हलवनारा गडी बाद."

"आणि पंचानं लबाडी केली तर?"

"पंच लबाडी करत नस्तोय," तो एकदम मास्तरासारखा म्हणाला.

मग मी स्टेथोस्कोप गळ्यात टाकून निघाले आणि माझ्या पाठीमागे "कबड्डीकबड्डीकबड्डी" सुरू झालं. मी दारापर्यंत गेले, दार ओलांडलं, बाहेर नोटीस बोर्डापर्यंत गेले, तरी आवाज चालूच. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. लिव्हर खराब झालेले, हृदय मोडलेले, नळ्या लावलेले लोक टाळ्या वाजवत होते. सिस्टर ओरडल्या. मला त्या दिवशी उगाचच वाटून गेलं, की होनरावांचं चुकलं असेल. पुस्तकात अपवाद असतातच की.

दुसऱ्या दिवशी दम बरोबर दारापाशी संपला. त्याच्या पुढच्या दिवशी हात धुवायच्या बेसिनपाशी.

"आज जरा झोप नीट झाली न्हाई," तो म्हणाला.

"होतं असं," मी म्हणाले.

त्याच दुपारी त्याला पहिल्यांदा नीट धाप लागली. मी सलाईन बदलायला गेले तेव्हा तो उशीला धरून बसला होता. "मॅडम, ऑक्सिजन थोडा येळ लावता? आई म्हनती ते खरं हाय का? बरं वाटंल?"

युनिटची रीत मला ठाऊक होती. पण माणूस समोर बसून श्वासासाठी हात पसरतो आणि आपण सलाईनचे थेंब मोजत उभं राहायचं, हे मला जमेना. मी स्टूल ओढलं आणि त्याला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की ते औषध तुझ्या फुप्फुसांत जाऊन बसलंय, आणि ऑक्सिजन मिळाला की ते भडकतं. म्हणून लावत नाही. जोवर लावत नाही, तोवर तुझ्या फुप्फुसांना संधी आहे.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी ऑक्सिजन न लावनं हीच ट्रीटमेंट?"

"हो."

"आस्सं." त्यानं मान डोलावली. "मग आईलाबी लावून देत न्हाई."

आणि त्यानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मामांचा तो पाना-प्रसंग झाला. त्यानंतरही मी पाठ फिरवली की मामा सिलिंडर सरकवायला बघत आणि हा खाटेवरून डाफरे. एकदा एका नव्या सिस्टरनं धाप बघून सरळ मास्क आणला, तर यानं तिचा हात धरून ठेवला आणि मला बोलावणं पाठवलं. श्वास पुरत नसलेला तो पोरगा श्वासावर असा पहारा देत होता. मी होनरावांना हे कौतुकानं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं.

"म्हणजे तू त्याला आशा लावलीस," ते म्हणाले.

"मी खरं तेच सांगितलं."

"अर्धं," ते म्हणाले आणि चहाचा कप धुवायला गेले.

छबूताई मला एका सकाळी बेसिनपाशी भेटल्या. मी हात धूत होते. त्या शेजारच्या नळावर धैर्यशीलचा पेला विसळत होत्या. विसळून झाला तरी विसळतच होत्या.

"मॅडम, बाटलीत मीच वतलं हुतं."

मी नळ बंद केला.

"कॅन गळाया लागला, जमिनीवर सांडत हुतं. म्हटलं कोंबड्या-बिंबड्या खातील, मरतील. म्हनून बाटलीत वतलं. कोंबड्या वाचाव्यात म्हनून." त्यांनी पेला उपडा घातला, परत उचलला. "त्येला ठावं हाय. पर एका सबदानं बोलत न्हाई. एकदा तरी शिवी दे म्हनावं. ऑक्सिजन लावला आनि त्यो बरा झाला, तर मी त्येच्या तोंडाकडं बगू शकंन. न्हाईतर कशी बगू?"

"चहा घेतला का तुम्ही?" मी विचारलं. त्या "व्हय" म्हणाल्या. मला दिसत होतं, की घेतला नव्हता.

दम आता अण्णांच्या खाटेपलीकडे जात नव्हता. अण्णांची खाट म्हणजे शेजारचीच. मी मुद्दाम भरभर पावलं टाकू लागले, म्हणजे जास्त अंतर कापलं जाईल. त्याच्या ते लक्षात आलं.

"सावकाश, मॅडम. पंचानं पळायचं न्हाई."

गावातले सामने होऊन गेले. मंडळाची पोरं त्याला भेटायला आली. कॅप्टनशिवाय खेळून पहिल्याच फेरीत हरली होती आणि तोंडं पाडून उभी होती. "हरळी मेली का पर?" यानं विचारलं. कुणालाच हसावं की काय करावं कळेना. हसला फक्त तो, आणि तेही अर्ध्यावर सोडून दिलं, कारण हसायलाही दम लागतो.

त्यानंतरच्या राउंडला सर त्याच्या खाटेपाशी उभे राहिले. त्याची नखं निळसर झाली होती. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखे ताणत होते. बोटाला लावलेलं मशीन सारखं ओरडत होतं, कुणीतरी त्याचा आवाज बंद केला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "काय पैलवान," म्हणाले आणि पुढे गेले. आमचे सर पेशंटच्या खांद्यावर हात ठेवत नसत. पुढच्या खाटेपाशी ते होनरावांना हळूच काहीतरी बोलले.

होनराव माझ्याजवळ आले. "लाव."

"काय?"

"ऑक्सिजन. आता त्याचं काय बिघडायचं राहिलंय? तेवढंच जरा सुखानं जाऊ दे."

"तुम्ही लावा."

"नको म्हणून कुणी सांगितलं होतं त्याला?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "दुसऱ्या कुणी लावला तर तो भांडत बसेल. त्यात त्याचा दम जाईल."

मी मास्क घेऊन निघाले. वॉर्ड तोच, पण त्या खाटेपर्यंतचं अंतर काही केल्या सरेना. छबूताईंना आधी मास्क दिसला, मग मी.

"आला!" त्या उठून उभ्याच राहिल्या. "दिनकर, आरं आला बग ऑक्सिजन! मॅडम घिऊन आल्या!"

मामा धावत आले. माझ्या हातात मास्क पाहून त्यांचा चेहरा असा सैल झाला, की मला तो बघवेना. "मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "मागचं काय मनात धरू नका. अडान्याचा गाडा. तुम्ही देवमानूस हाय." आणि वळून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "चा सांगतो समद्यास्नी!" अण्णांनी पडल्यापडल्या वर हात जोडले. छबूताई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी सिलिंडरला पाना लावला. तोच पाना.

धैर्यशील माझ्याकडे बघत होता. आधी त्यानं मास्क पाहिला. मग माझा चेहरा. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण त्या वयात तेवढी डॉक्टरकी अंगात मुरलेली नव्हती. त्याला कळलं. कळलं ते मला दिसलं, आणि मला दिसलं हेही त्याला कळलं.

"लावायचा?" त्यानं विचारलं. शब्दामागे एक श्वास, असं.

"हो."

"आता... चालतोय?"

मी मास्कची दोरी उगाच लांब-आखूड करत राहिले. त्यानं मान वळवून आईकडे पाहिलं. छबूताई पायथ्याशी उभ्या होत्या, दोन्ही हात छातीशी धरून.

त्यानं माझ्या हातातून मास्क घेतला आणि स्वतःच्या हातानं तोंडावर लावला. दोरी डोक्यामागे मी ओढून बसवली. सिलिंडर फुसफुसायला लागला.

"बरं वाटतंय का रं?" छबूताईंनी विचारलं.

त्यानं मान हलवली. "लई... बरं वाटतंय, आये," मास्कच्या आतून तो म्हणाला. "तूच म्हनत हुतीस."

छबूताई मटकन खाली बसल्या आणि त्याचे पाय कुरवाळायला लागल्या.

मी निघणार, तेवढ्यात त्यानं माझ्या ॲप्रनचं टोक धरलं. दुसऱ्या हाताचं बोट दाराकडे केलं.

"आज नको," मी म्हणाले. "दमशील."

त्यानं बोट खाली घेतलं नाही.

मी चालायला लागले. पळायचं नाही हे लक्षात ठेवून, सावकाश. पाठीमागे सिलिंडरची फुसफुस ऐकू येत होती. दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी अण्णांच्या खाटेपाशी आले, बेसिनपाशी आले. तेवढ्यात मागून छबूताईंचा आवाज आला.

"म्हनतोय मॅडम, म्हनतोय! अजून म्हनतोय!"

पुढे आयुष्यात मी कितीतरी लोकांना ऑक्सिजन लावला, त्यातले कितीतरी जण घरी चालत गेले. तो आवाज मात्र अजून तिथल्या तिथे आहे. मी दाराला पोचले, चौकटीला हात लावला आणि वळून पाहिलं. छबूताई खाटेच्या दांडीला धरून उभ्या होत्या, चेहरा फुललेला. मामा चहाची किटली हातात धरून बघत होते. धैर्यशीलची छाती हलत होती ती नुसती धापेनं. धुकं धरलेल्या मास्कच्या आत त्याचे ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता. त्याचे डोळे माझ्यावर होते.

"पुरला न्हवं, मॅडम?" छबूताईंनी मोठ्यानं विचारलं. "दारापर्यंत पुरला न्हवं दम?"

"पुरला," मी म्हणाले.